कमळाच्या देठातली हवा

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभी होते, तिथे या अंकाच्या संपादक मुलीनं मला गाठलं. इथे तोक्योत तोयोसुला उंच टॉवरमध्ये राहते, कॉम्प्युटरवर काम करते, गोड आहे, पण एकदा मागे लागली की सोडत नाही. "काकू, तुम्ही त्सुकुबाला होता ना, तेव्हा नक्की काय काम करत होता?"

"ब्लेडनं देठ कापत होते," मी म्हटलं.

"म्हणजे रेस्टॉरंटमध्ये?"

घ्या! पुण्यात एम.एस्सी. बॉटनी, कॉलेजात प्रॅक्टिकल्स शिकवलेली, आणि ही मला भाजी चिरायला बसवते. पण तिचा तरी काय दोष? माझ्या सख्ख्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत वाटत होतं की सून जपानात "कसल्याशा नर्सरीत" जाते. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ह्यांना त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत काम मिळालं आणि त्यांच्या मागून मी आणि आमची चिमुरडी लेक येऊन पोचलो. तेव्हा तिथे रेल्वे आलेली नव्हती. रुंद रस्ते, झाडं, सायकली, आणि जिकडे बघावं तिकडे शास्त्रज्ञ. माझी शेजारीण रसायनवाली, समोरचा भूकंपवाला. मीच एकटी बिनकामाची. कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा एवढं शिकण्यात पहिला हिवाळा गेला. त्या हिवाळ्यात माझे केस मूठमूठ गळत होते आणि लेक बालवाडीतून येऊन माझ्याशी जपानीत बोलायला लागली होती. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि मला रडू यायचं.

परदेशी बायकांना जपानी शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचे यजमान हायाशी-सेन्सेई, म्हणजे आपले हायाशी सर. त्यांची प्रयोगशाळा पाणवनस्पतींची. देठ, खोड, पानं आतून कशी असतात ते बघायचं. त्यांना सेक्शन कापणारं माणूस हवं होतं. सेक्शन म्हणजे वनस्पतीचा आडवा काप, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जावा. तो पाण्यात सोडायचा, रंगवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. यासाठी मशीन असतं की, असं तुम्ही म्हणाल. असतं. पण मशीनसाठी आधी देठ मेणात घट्ट बसवावा लागतो, आणि पाण्यातल्या झाडाचा देठ म्हणजे अर्धी हवाच. मेणात जाईपर्यंत त्याचा पार चोळामोळा होतो. ताजं, जिवंत बघायचं तर हातानंच कापायला हवं.

सेन्सेईंनी पहिल्या दिवशी मला एक वॉटर लिलीचा देठ दिला. बोटात धरला तर दबतो, ब्लेड लावलं तर चिरडतो. मी जरा घाबरले. मग पुण्याची सवय आठवली. पिशवीत कोशिंबिरीसाठी घेतलेली गाजरं होती. एका गाजराला उभी चीर दिली, त्यात देठ अलगद बसवला, ब्लेड ओलं केलं, आणि गाजरासकट कापत सुटले. करवतीसारखं पुढेमागे करायचं नाही, एका दमात स्वतःकडे ओढायचं. सेन्सेई बघत होते. त्यांच्याकडे यासाठी एका झुडपाचा वाळवलेला भेंडासारखा गर वापरायची पद्धत होती. गाजर त्यांनी प्रथमच पाहिलं असावं. "साबुनिसु-सान," ते म्हणाले (सबनीस हे नाव त्यांच्या तोंडात असंच व्हायचं), "आणि नंतर हे गाजर खाता येतं का?"

नोकरी मिळाली. पार्ट-टाइम, इथल्या भाषेत अरुबाइतो, आणि ती मी पुढे वर्षानुवर्षं केली.

आता त्या देठात बघण्यासारखं काय असतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसत्याच फुशारक्या मारतात. जमिनीवरच्या झाडाची सगळी विवंचना पाण्याची. पाणी वर चढवायला नळ्या हव्यात, ते उडून जाऊ नये म्हणून पानाला मेणाचा लेप हवा, आणि वाऱ्यात ताठ उभं राहायला लाकूड हवं. पाण्यातल्या झाडाला पाण्याची काय ददात? त्याची ददात हवेची. मुळं चिखलात, आणि चिखलात श्वास घ्यायला काही नाही. म्हणून ते लाकडावर फार खर्च करत नाही, पाण्याच्या नळ्याही नावापुरत्या ठेवतं, आणि देठभर हवेच्या पोकळ्या काढतं. पूर्ण बुडालेलं पान असेल तर त्याला श्वासाची छिद्रंसुद्धा नसतात. तरंगतं पान असेल तर छिद्रं फक्त वरच्या बाजूला, कारण खाली उघडून उपयोग काय! लिलीच्या देठातल्या पोकळ्या मिटू नयेत म्हणून भिंतींमध्ये टणक पेशी असतात, अगदी चांदण्यांच्या आकाराच्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी लेकीला प्रयोगशाळेत नेऊन दाखवल्या होत्या. ती नळीला डोळा लावून म्हणाली, "आई, चांदण्या!" मराठीत म्हणाली. माझा तेवढ्यावर पुढचा आठवडा आनंदात गेला.

आमच्याकडे बाहेरचे लोकही यायचे. एकदा एक सुटाबुटातले गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं झाड घेऊन आले. घरात काचेच्या टाकीत पाण्याखाली बाग करायचं वेड तेव्हा इथे भलतंच पसरलं होतं. त्यांचं म्हणणं, दुकानदारानं आजारी झाड गळ्यात मारलं, टाकीत लावल्यावर सगळी पानं विरघळली, आणि आता दुकानदाराला दाखवायला शास्त्रज्ञाचं मत हवं. पिशवीत जुनी दोन पानं होती आणि टोकाला नुकतं फुटलेलं एक नवं. मी दोन्हींचे काप काढून त्यांना दाखवले. जुनं पान जाड, लेप असलेलं, छिद्रं असलेलं. नवं पान नुसतं पापुद्र्यासारखं, लेप नाही, छिद्रं नाहीत. दुकानदारानं झाड पाण्याबाहेर वाढवलं होतं, यांनी एकदम बुडवलं. "त्यानं फसवलं नाही हो," मी म्हटलं, "झाड जुनी पानं टाकून इथली पानं काढतंय. थोडी कळ सोसा." त्यांनी पुन्हा एकदा नळीला डोळा लावून ते नवं पान पाहिलं. मग म्हणाले, "माझी बायकोही ओकिनावाहून इथे आल्यावर वर्षभर गप्प होती." आणि वाकून नमस्कार करून गेले. मीही नकळत केसांवरून हात फिरवला. तोवर ते पुन्हा चांगले आले होते.

पण मला खरं सांगायचंय ते ओकानो-आजींबद्दल.

त्सुकुबाच्या शेजारी मोठं सरोवर आहे आणि त्याच्या काठानं मैलोगणती कमळाची शेतं. फुलांसाठी नव्हे, कमळकाकडीसाठी. आपण बाजारात बघतो ती भोकाभोकांची कमळकाकडी, इथे तिला रेन्कोन म्हणतात आणि नव्या वर्षाच्या जेवणात ती हवीच. ओकानो-आजींचं तिथे एक शेत होतं. एका सप्टेंबरात त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कमळकाकड्या छातीशी धरून आमच्या दारात उभ्या राहिल्या. ठेंगण्या, डोक्याला पांढरा रुमाल, गुडघे दुखत असल्यामुळे पावलं डुगडुगती. त्यांचे यजमान त्याच वर्षी वसंतात गेले होते.

पुडकं उघडलं आणि वास आला. काकड्या काळ्या पडल्या होत्या, बोट लावलं तर आत जाई.

"रोग आहे की नाही, एवढंच सांगा," आजी म्हणाल्या. "मुलगा तोक्योत असतो. तो म्हणतो, रोग असेल तर आता पुरे, मातीचे ट्रक आणू आणि शेत बुजवून टाकू. गाड्या ठेवायला जागा होईल. तोही चुकीचं बोलत नाही. शेत यांचं होतं. मी शेडमध्ये धुवायची, खोक्यात भरायची. पाण्यात उतरायचे ते हेच." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण बुजवलं तर मी सकाळी उठून बघू कुठे?"

कमळाला एक बुरशीची कूज होते आणि ती एकदा शेतात शिरली की काही वर्षं तिथे कमळ नाही. म्हणजे आजींचं शेत राहणार की जाणार, हे त्या पुडक्यावर होतं. सेन्सेईंनी तुकडे बुरशीवाल्या तज्ज्ञांकडे पाठवले आणि उरलेले माझ्यासमोर ठेवले. मी बाजारातून एक चांगली कमळकाकडीही आणली, ताडून बघायला. दोन्ही अख्ख्या पेरासकट पाण्याच्या घमेल्यात सोडल्या. बाजारातली तरंगली. आजींची दगडासारखी तळाला गेली.

मग मी काप काढले. पार मऊ झालेला भाग कापता येत नव्हता, म्हणून कुजक्या आणि चांगल्या भागाच्या सीमेवरचे. सेन्सेईंनी डोळा लावला आणि एकेक काप सरकवत पाहिला. कूज बाहेरून आत आलेली नव्हती. ती हवेच्या भोकांच्या भिंतींपासून सुरू होऊन बाहेर निघाली होती. आणि प्रत्येक पेराला जिथे पानाचा देठ जोडलेला असतो, तिथे ती सर्वांत जुनी होती.

"पाणी," सेन्सेई म्हणाले. "वरून पाणी शिरलंय."

कमळकाकडीला भोकं का असतात, ठाऊक आहे? ती उगीच नसतात. कमळाचं पान उन्हात तापतं, हवा आत ओढतं आणि देठातल्या नळ्यांतून खाली चिखलात ढकलतं. ती हवा काकडीतून फिरून दुसऱ्या पानाच्या देठातून वर निघते. शेतभर खाली असे रस्ते असतात. देठ पाण्याच्या वर कापला तर काही बिघडत नाही, खुंटातून हवा चालू राहते. पण पाण्याखाली कापला, तर त्या नळ्यांतून पाणी थेट खाली उतरतं आणि काकडी चिखलात गुदमरून मरते.

तज्ज्ञांकडूनही निरोप आला, ती बुरशी नाही. आम्ही दोघं गाडीनं आजींच्या शेतावर गेलो. शेत हिरवंगार होतं, छातीएवढी पानं वाऱ्यावर डुलत होती. फक्त घराच्या बाजूला, बांधालगत, मोकळं काळं पाणी होतं. मी बाह्या सरसावून बांधावर बसले आणि पाण्यात हात घातला. बोटांना खुंट लागले. एक, मग दुसरा, मग कितीतरी. सगळे स्वच्छ, तिरपे, धारदार विळ्यानं कापलेले, आणि सगळे पाण्याखाली.

आजींनी आम्हाला घरात नेऊन चहा दिला. देवघराशी यजमानांचा फोटो होता, समोर एक भलीथोरली फुलदाणी, आता रिकामी. मी काही विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "यंदा यांचं पहिलं बोन होतं ना." ऑगस्टमध्ये बोनला घरच्या गेलेल्या माणसांचे आत्मे परत येतात अशी इथली श्रद्धा, आपल्या पितृपक्षासारखीच. पहिल्या वर्षाचं बोन मोठं. "दर वर्षी फुलं हेच आणून द्यायचे. यंदा मी स्वतः उतरले. एवढं गुडघ्याचं दुखणं, तरी उतरले. रोज सकाळी ताजी फुलं. पानंही घेतली, नैवेद्य मांडायला. चांगली लांब, अगदी मुळापासून. फुलदाणी पहिल्यांदा शोभली."

मी सेन्सेईंकडे पाहिलं. ते चहाच्या कपाकडे बघत होते.

थोड्या वेळानं ते अंगणात गेले, मी मागोमाग. ते हळू आवाजात म्हणाले, "आपण सांगू, रोग नाही. शेत वाचलं. एवढं पुरे आहे, साबुनिसु-सान."

"आणि पुढच्या ऑगस्टला?"

ते त्या काळ्या पाण्याकडे वळले.

"सेन्सेई, त्या पुन्हा उतरतील. प्रेमानं उतरतील आणि आणखी तेवढंच शेत मारतील. मग मुलगा ट्रक आणेल."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण नवऱ्याला वाहिलेल्या फुलांनी नवऱ्याचं शेत मेलं, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं, मला माहीत नाही." त्यांचे डोळे लाल झाले होते. एवढा मोठा माणूस, मला त्यांची फार माया आली.

मला तरी शब्द कुठे माहीत होते? माझं जपानी भाजीबाजारापुरतं. मग मी शब्द सोडूनच दिले. शेतात हात लांबवून पाण्याच्या चांगल्या वरून एक पान कापलं, आजींकडे बादली मागितली, देठाचं टोक बादलीत बुडवलं आणि पान त्यांच्या हातात दिलं. कमळाच्या पानाच्या मधोमध नखाएवढा फिकट ठिपका असतो. त्याला टाचणीनं टोचलं आणि खूण केली, इथे तोंड लावून फुंका.

आजींनी फुंकलं. बादलीत बुडबुडे आले. त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि पुन्हा फुंकलं.

"हवा खाली जाते," मी म्हटलं. "रेन्कोनपर्यंत जाते. तिचा श्वास."

त्यांनी आणखी एकदा फुंकलं. मग थांबल्या. बादलीतल्या देठाच्या टोकाकडे बघत राहिल्या, आणि मग मान वळवून बांधापलीकडच्या काळ्या पाण्याकडे. मला दिसलं, त्यांना कळत होतं.

"आणि पाण्याखाली कापलं तर?"

"पाणी आत जातं."

त्या बांधावर मटकन बसल्या. पान अजून हातातच होतं. "मी," एवढंच म्हणाल्या. "मीच."

इथे माणसं एकमेकांना सहसा हात लावत नाहीत. लेक मला सारखी बजावायची, आई, जवळ जाऊ नकोस, लोकांना आवडत नाही. खड्ड्यात गेलं आवडणं. मी चिखलात बसले आणि आजींना सरळ कुशीत घेतलं. त्या आधी ताठ झाल्या, मग त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि त्या रडल्या. मीही रडले. सेन्सेई थोड्या अंतरावर आमच्याकडे पाठ करून उभे होते.

परत येताना मला सारखं वाटत होतं, हे मी काय केलं. माणूस गेला ते दुःख होतंच, त्यावर मी आणखी एक ठेवून आले. शेत वाचलं खरं, मुलाला सेन्सेईंनी स्वतः फोन करून सांगितलं. पण आजी पुन्हा त्या शेताकडे कोणत्या डोळ्यांनी बघतील? तो सगळा हिवाळा माझी हिंमत झाली नाही तिकडे जायची. नव्या वर्षाला त्यांच्याकडून कमळकाकडीचं खोकं आलं, स्वच्छ धुतलेलं, भुश्शात नीट लावलेलं. मी भाजी केली, ह्यांना आणि लेकीला वाढली, आणि स्वतः वरणभातच खाल्ला.

पुढच्या ऑगस्टला बोनच्या दिवसांत त्यांचाच निरोप आला, या म्हणून. मी बसनं गेले. दुरून आधी शेत पाहिलं. घरालगतच्या काळ्या पाण्यात इकडून तिकडून वाटा काढत कमळ परत आलं होतं, लहान लहान गोल पानं, पाण्यावर टेकलेली. माझा जीव भांड्यात पडला.

आजी दारातच होत्या. रुमाल तसाच, गुडघे तसेच. आत देवघराशी ती थोरली फुलदाणी नव्हती. चहा प्यायच्या एका साध्या पेल्यात तीन पांढरी कमळं होती, देठ जेमतेम वीतभर, फुलं पेल्याच्या काठावर बसल्यासारखी. पावसानं पाणी चढलं तरी खुंट वर राहावा, इतकं उंच कापलं की हातात तेवढंच येतं. मी हात जोडले, उदबत्ती लावली.

"अशीच आणायचे हे," मागून आजी म्हणाल्या. "दर बोनला एवढीएवढीशीच. आणि दर बोनला मी भांडायची. म्हणायची, एवढं शेत घरचं, आणि फुलाच्या देठाला कसला कंजूषपणा? शेजारणी हसतात, फुलदाणीत बुडून जातात फुलं. हे नुसते मान खाली घालून हसायचे, आणि पुढच्या बोनला पुन्हा तेवढीच घेऊन यायचे."

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

"सगळं माहीत होतं. शेतकरीच ते."

"मग त्यांनी सांगितलं का नाही तुम्हाला? एका शब्दात काम झालं असतं."

आजींनी पेल्यातलं एक फूल जरा सरळ केलं. फोटोकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर तरुण बाई दिसली.

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर शेताच्या काळजीनं मी फुलं मागितलीच नसती."